झोपडी, खाण आणि रिमोट : ‘लेडी चॅटर्ली’बद्दल वाचकांचे प्रश्न

डी. एच. लॉरेन्सच्या ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ या १९२८ सालच्या कादंबरीवरचा नवा चित्रपट डिसेंबर २०२२ पासून नेटफ्लिक्सवर आहे. तो पाहून काय वाटलं, असं आम्ही वाचकांना विचारलं होतं. मतं आली ती दोन-दोन शब्दांची: ‘फारच उघडं’, ‘फारच थंड’, ‘पुस्तकाची सर नाही’. त्यांच्या खाली प्रश्न मात्र पानभर. तेव्हा या वेळी प्रश्नच घेतो. ज्यांनी काहीच वाचलं-पाहिलं नाही त्यांच्यासाठी गोष्ट एवढी: पहिल्या महायुद्धात जखमी होऊन कमरेखाली लुळा झालेला जमीनदार-खाणमालक क्लिफर्ड, त्याची तरुण बायको कॉनी, आणि त्यांच्याच जंगलाचा राखणदार मेलर्स, ज्याच्याशी जंगलातल्या झोपडीत कॉनीचं जमतं.

या कादंबरीवर बरेच चित्रपट आहेत म्हणतात. मला वेळ एकाच्यापुरता आहे. कोणता पाहू? (धरमपेठ)

२००६ सालचा फ्रेंच ‘लेडी चॅटर्ली’. दिग्दर्शक पास्काल फेरां. १६८ मिनिटांचा आहे, तेव्हा एका बैठकीत संपवायचा हट्ट धरू नका. दोन संध्याकाळी काढा. घाई केली तर तो कंटाळवाणा वाटतो, कारण त्यात बराच वेळ एक बाई जंगलातून नुसती चालते. पण ते चालणं बघितल्याशिवाय झोपडीत पुढे जे घडतं त्याला वजन येत नाही. २००७ मध्ये त्याला उत्कृष्ट चित्रपटासह पाच सेझार, म्हणजे फ्रान्सची राष्ट्रीय चित्रपट-पारितोषिकं, मिळाली.

एक खुलासा आधीच करून ठेवतो, म्हणजे नंतर तक्रार नको. लॉरेन्सने ही कादंबरी तीनदा लिहिली, दर वेळी पहिल्या पानापासून. आपण दुकानातून आणतो ती तिसरी. फेरांनी दुसरी घेतली. तिच्यात राखणदाराचं नाव पार्किन आहे. तो मेलर्सपेक्षा अबोल आणि अंगापिंडाने साधा गडी आहे. ‘पुस्तकातला हा माणूस असा नाही’ असं ज्यांनी लिहिलं आहे, त्यांच्या हातातलं पुस्तकच वेगळं आहे.

२०२२ चा चित्रपट १२६ मिनिटांचा, वेगवान, आणि एमा कॉरिनची कॉनी त्यात जास्त धीट. सवय नसलेल्या प्रेक्षकाला तो सोपा जाईल. बीबीसीची १९९३ ची चार भागांची मालिका केन रसेलची. त्यात कॉनी झालेली जोली रिचर्डसन २०२२ मध्ये क्लिफर्डची नर्स मिसेस बोल्टन झाली आहे. दोन्ही पाठोपाठ पाहिल्या तर वेगळीच गंमत येते. १९८१ चा, सिल्विया क्रिस्टेलचा, सोडून दिला तरी चालेल. ‘इमॅन्युएल’ या कामुक चित्रपटाच्या दिग्दर्शकाने तो केला आणि पोस्टरवर जे कबूल केलं तेवढंच दिलं.

शृंगाराची दृश्यं निम्मी कापली असती तरी गोष्ट कळली असती. त्यांची गरज काय होती? (महाल)

कळली असती, पण कुठली गोष्ट? ‘मालकिणीचं नोकराशी जमलं’ ही गोष्ट एका दृश्यातही कळते. कादंबरी तेवढ्यासाठी लिहिलेली नाही.

पुस्तकात एकूण १९ प्रकरणं आहेत आणि झोपडीतला पहिला प्रसंग येतो दहाव्यात, म्हणजे अर्धं पुस्तक सरल्यावर. त्याआधी कॉनी खुडूक कोंबड्यांच्या खुराड्यापाशी रोज येऊन बसते. मेलर्स मालकाच्या शिकारीसाठी फेझंट पक्ष्यांची अंडी साध्या कोंबड्यांखाली उबवतो आहे. एक पिल्लू तिच्या तळहातावर उभं राहतं आणि तिला रडू फुटतं. तिथून सुरुवात. त्या पहिल्या वेळी ती जवळजवळ निश्चल असते. नंतर एकदा, बाराव्या प्रकरणात, तिचं मन बाजूला उभं राहून बघतं आणि तिला तो सगळा व्यवहार हास्यास्पद वाटतो. मग त्याचं तिलाच रडू येतं. पंधराव्यात दोघं पावसात उघड्या अंगाने धावतात. कुठलाही प्रसंग आधीच्यासारखा नाही. प्रत्येकात या बाईबद्दल आपल्याला काहीतरी नवं कळतं.

म्हणून कसोटी साधी ठेवा. दृश्य संपल्यावर विचारा: आधी माहीत नव्हतं असं आता काय कळलं? काहीच नाही, तर ते दृश्य कापावं, मग त्यात नुसता हात हातात धरलेला असला तरी. काही कळलं असेल तर ते लांबलं तरी बिघडत नाही. २०२२ च्या चित्रपटात सुरुवातीचे प्रसंग या कसोटीला उतरतात. मधले दोन-तीन मात्र एकमेकांत मिसळतात. तुमची तक्रार तिथे रास्त आहे. आणि बाराव्या प्रकरणातलं ते हास्यास्पद वाटणं हा रूपांतराचा सर्वांत अवघड तुकडा. सुंदर दिसणारी दोन माणसं एका क्षणी विद्रूप, विनोदी दिसावीत हे कॅमेऱ्याला आणि निर्मात्याला, दोघांनाही नको असतं.

अशी दृश्यं कुठे फसतात तेही सांगतो. एक, संगीत. प्रसंग सुरू होताच व्हायोलिनं लागली की दिग्दर्शकाचा आपल्याच नटांवर भरवसा नाही असं समजा. दोन, कपडे. १९२०च्या दशकातल्या बाईच्या अंगावर कोट, टोपी, मोजे, आतले कपडे असे थर असतात, पुरुषाच्या पायात नाडीचे बूट. ते उतरवायला वेळ लागतो, मध्ये गाठ अडकते. फेरां तो वेळ देतात. घाईचा दिग्दर्शक कट मारतो आणि पुढच्या शॉटमध्ये सगळं जमिनीवर. तीन, उजेड. जंगलातल्या लाकडी झोपडीत दिवसा थंड, राखाडी उजेड असतो. तिथे तांबूस सोनेरी रंग आला की ती झोपडी राहत नाही, हॉटेलची खोली होते. चार, दर दोन सेकंदांनी बदलणारे तुकडे: खांदा, ओठ, बोटं. माणूस अख्खा दिसला नाही की भावनाही अख्खी दिसत नाही.

घरी एक प्रयोग करा. आवाज पूर्ण बंद करून ते दृश्य बघा. पुढाकार कोण घेतंय, कोण बिचकतंय, कुठल्या क्षणी बदल होतोय हे नुसतं बघून सांगता आलं तर ते दृश्य नीट रचलेलं आहे.

ही दृश्यं चित्रित कशी करतात? नटांना अवघडल्यासारखं होत नाही का? (रामदासपेठ, महाविद्यालयीन विद्यार्थिनी)

होतं. म्हणूनच आता ती मारामारीच्या दृश्यासारखी बसवतात. फाइट मास्टर जसा असतो तसा ‘इंटिमसी को-ऑर्डिनेटर’ असतो. कामाचा क्रम साधारण असा. आधी संहितेतलं वाक्य फोडून घ्यायचं. ‘ते एकरूप होतात’ असं लिहून भागत नाही. कोण कुठे उभं, कुठला हात कुठे, किती कपडे, कॅमेरा कुठल्या बाजूला, हे सगळं ठरवायचं. मग प्रत्येक नटाशी वेगवेगळं बोलायचं, दुसऱ्यासमोर नाही, कारण समोरासमोर कोणी ‘नको’ म्हणत नाही. जे ठरलं ते करारपत्राला जोडून लेखी घ्यायचं: शरीराचा कुठला भाग दिसेल, कुठला नाही, जाहिरातीत काय वापरता येईल. तालीम कपड्यांसकट, आकडे मोजून. चित्रीकरणाच्या दिवशी सेटवर गरजेपुरतीच माणसं, बाकीचे मॉनिटर बंद. नटांच्या अंगावर कातडीच्या रंगाची चिकटपट्टी किंवा पाऊच, आणि दोघांच्या मध्ये पातळ उशीसारखं काहीतरी. ‘कट’ झाल्याबरोबर झगा अंगावर.

बिघडतं कुठे? तालीम वगळून ‘उत्स्फूर्त होऊ द्या’ म्हटलं की. उत्स्फूर्तपणा दिसावा लागतो, असावा लागत नाही. नाटकवाल्यांना हे वेगळं सांगायला नको.

आम्ही कोळशाच्या गावचे. पुस्तकात खाणी आहेत असं ऐकून चित्रपट पाहिला. खाणी दोन मिनिटांत आटोपल्या. मग त्या होत्या कशाला? (उमरेड)

आलेल्या पत्रांतला सगळ्यात नेमका प्रश्न हा. लॉरेन्स स्वतः खाणकामगाराचा मुलगा, नॉटिंगहॅमशायरमधल्या ईस्टवूडचा. १९२६ साली इंग्लंडात कोळसा खाणींमध्ये टाळेबंदी चालू होती तेव्हा तो त्या भागात जाऊन आला, गावाची दशा पाहिली, आणि इटलीला परतल्यावर त्याच वर्षी ही कादंबरी लिहायला घेतली. म्हणजे झोपडी नंतरची, खाण आधीची.

पुस्तकात खाण सतत आहे. क्लिफर्डच्या रॅग्बी नावाच्या वाड्यात बसलं तरी शेजारच्या टेव्हरशॉल गावातल्या खाणीची घरघर ऐकू येते, गंधकाचा वास येतो, फुलांवर काजळी बसते. मिसेस बोल्टनचा नवरा खाणीतल्या स्फोटात गेलेला आहे. आणि क्लिफर्ड बायकोपासून जसजसा दूर जातो तसतसा त्याचा जीव खाणीच्या यंत्रांत रमतो. राखणदाराचं जंगल म्हणजे या सगळ्याच्या मधोमध उरलेला छोटा हिरवा तुकडा. तोही मालकाचाच. हे दिसलं नाही तर जंगल सहलीचं ठिकाण होतं आणि दोघांचं भेटणं सुटीतलं प्रेम.

तुम्हाला हे समजावून सांगायची गरज नाही. एकीकडे उमरेडच्या खाणी, दुसरीकडे उमरेड-कऱ्हांडला अभयारण्य. कोळसा आणि वाघ शेजारी शेजारी. इथल्या प्रेक्षकाच्या डोक्यात ते चित्र आधीच आहे. चित्रपट वाट्याला आलेल्या वेळात खाण ‘पार्श्वभूमी’ म्हणून दाखवतो आणि पुढे जातो. आमच्या मते २०२२ च्या रूपांतरातली सगळ्यात मोठी काटछाट हीच आहे. लोकांनी उघड्या अंगांवर पत्रं लिहिली आणि काजळीबद्दल लिहिणारे तुम्ही एकटे.

अपंग नवऱ्याला इतका वाईट दाखवणं बरोबर आहे का? (प्रतापनगर)

नाही, पण दोष चित्रपटाचा कमी आणि लॉरेन्सचा जास्त. क्लिफर्डचं लुळेपण म्हणजे त्याच्या वर्गातल्या माणसांचं भावनिक लुळेपण, हे पहिला खर्डा वाचल्यावर आपल्याला जाणवलं, असं लॉरेन्सनेच नंतर एका निबंधात लिहिलं आहे. एखाद्याच्या जखमी शरीराचं असं प्रतीक करणं आज खटकतं, आणि खटकावंच.

तरी पुस्तकातला क्लिफर्ड निव्वळ दुष्ट नाही. वाड्याला वारस हवा म्हणून दुसऱ्या कुणाकडून मूल झालं तरी चालेल, हे तोच कॉनीला सुचवतो. त्याची अट फक्त बाप ‘योग्य’ असावा एवढीच. तेराव्या प्रकरणातला खुर्चीचा प्रसंग नीट बघा. मोटारची खुर्ची चढावर अडते, चाकाखाली निळी फुलं चिरडतात, तो मदत नाकारतो, यंत्रावर ओरडतो, आणि शेवटी न्यूमोनियातून उठलेल्या मेलर्सला ती ढकलावी लागते. या एका प्रसंगात तिघांचं सगळं नातं आहे, आणि शृंगाराचं दृश्य त्यात एकही नाही. दोन चित्रपटांची तुलना करायची असेल तर प्रणयदृश्यं सोडा, हा प्रसंग समोरासमोर लावा.

मेलर्स पुस्तकात बायकांबद्दल काहीबाही बोलतो. चित्रपटात तो अगदी सज्जन झालाय. (सक्करदरा)

खरं आहे. त्याची पूर्वीच्या बायकांबद्दलची भाषणं आज वाचवत नाहीत. स्त्रीवादी लेखिका केट मिलेटने ‘सेक्शुअल पॉलिटिक्स’ या पुस्तकात १९७० सालीच लॉरेन्सला यावरून फैलावर घेतलं होतं. रूपांतरकर्ते ती भाषणं गाळतात. आम्हीही गाळली असती. मात्र गाळल्यावर तिथे पोकळी राहते. कडवट, भांडखोर, पूर्वी पोळलेल्या माणसाऐवजी सोशिक, देखणा माळी उरतो. २०२२ चा मेलर्स, जॅक ओ’कॉनेल, डोळ्यांतून थोडा कडवटपणा परत आणतो, संवाद त्याला साथ देत नाहीत.

आमच्या नाट्यगटाला या कादंबरीचा मराठी दीर्घांक करायचा आहे. हक्क कोणाकडून घ्यायचे? मेलर्सची बोली नागपुरी केली तर चालेल का? (सीताबर्डी)

हक्काचं सोपं आहे. लॉरेन्स २ मार्च १९३० ला वारला. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, तेव्हा मूळ इंग्रजी कादंबरी इथे केव्हाच मुक्त झाली. अनुवाद, रूपांतर, काहीही करा. दोन ठिकाणी मात्र जपून. कुणाचा छापील अनुवाद समोर ठेवून संवाद उचलले तर त्या अनुवादकाचा हक्क वेगळा असतो. आणि चित्रपटांनी स्वतः घातलेले प्रसंग, संवाद, बदललेले शेवट हे त्या चित्रपटांचे आहेत. पुस्तकात नसलेलं काही घेऊ नका. सगळ्यात सुरक्षित मार्ग म्हणजे लिहिताना टेबलावर फक्त इंग्रजी पुस्तक ठेवा. प्रयोगाआधी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून प्रमाणित करून घ्यावी लागते. त्यासाठी तालमी संपेपर्यंत थांबू नका. एखादं वाक्य बदलायला सांगितलं तर पाठ झालेलं बदलताना नटांचे हाल होतात.

आता बोली. इथे मराठीला अशी एक सोय आहे जी आजच्या प्रमाण इंग्रजीला नाही. मेलर्स डर्बीशायरची बोली बोलतो आणि त्या बोलीत एकेरी ‘तू’ अजून जिवंत आहे. प्रमाण इंग्रजीत राजालाही ‘यू’ आणि गड्यालाही ‘यू’. त्यामुळे मेलर्स मालकिणीला बोलीत एकेरी हाक मारतो तेव्हा किती मोठी पायरी ओलांडली गेली हे नुसत्या उच्चारांवरून आजच्या प्रेक्षकाला नीट कळत नाही. मराठीत ‘बाईसाहेब, आपण’ वरून ‘तू’ वर आलेलं एक वाक्य पुरतं. ते कुठे घालायचं हे ठरवणं हाच तुमच्या संहितेतला मुख्य निर्णय. आमचा सल्ला: पहिल्या भेटीत नाही, पहिल्या मीलनातही नाही. त्यानंतर, ती निघताना. आणि कॉनी उलट त्याला ‘तू’ कधी म्हणते ते वेगळं ठरवा. दोघांनी एकाच वेळी सुरू केलं तर गंमत गेली.

नागपुरी चालेल, पण एक धोका आहे. आपल्याकडे रंगमंचावर ‘काय करून राहिला बे’ आलं की प्रेक्षक हसायला मोकळा होतो, कारण वर्षानुवर्षं ती बोली विनोदासाठी वापरली गेली. मेलर्स विनोदी नाही. तो सैन्यात लेफ्टनंटपर्यंत चढलेला, हिंदुस्थानात राहून आलेला, पुस्तकं वाचणारा माणूस आहे. प्रमाण इंग्रजी त्याला उत्तम येतं. तो बोलीत शिरतो ते मुद्दाम, कधी समोरच्याला दूर ठेवायला, कधी चिडवायला, कधी माया दाखवायला. तेव्हा क्लिफर्डशी त्याला स्वच्छ प्रमाण मराठी द्या, आणि त्याच वाक्यात मध्येच बोलीत उतरू द्या, म्हणजे तो जाणूनबुजून करतोय हे कळेल. ‘बे’ पूर्ण टाळा. ‘जाऊन राहिली’, ‘येऊन राहिलो’ ही क्रियापदं ठेवा. त्यांत हसू नाही, आपलेपण आहे. आणि क्लिफर्डच्या पाहुण्यांच्या तोंडी पुणेरी विनोद घालायचा मोह आवरा.

हे पुस्तक भारतात बंद होतं ना? मग त्यावरचा चित्रपट घरोघरी कसा? (कायद्याचा विद्यार्थी, सिव्हिल लाइन्स)

गाजलेला खटला विक्रेत्यावर होता. मुंबईत कुलाब्याच्या एका पुस्तक-स्टॉलवर पोलिसांनी बनावट गिऱ्हाईक पाठवून अखंड आवृत्तीची प्रत घेतली आणि भारतीय दंडविधानाच्या कलम २९२ खाली, म्हणजे अश्लील पुस्तक विकल्याचा, गुन्हा दाखल केला. बचावासाठी मुल्कराज आनंद यांनी साक्ष दिली. तरी शिक्षा झाली, दंड २० रुपये. १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्या. हिदायतुल्ला यांच्या निकालाने ती कायम केली. रणजित उदेशी विरुद्ध महाराष्ट्र राज्य हे त्या खटल्याचं नाव. त्यात व्हिक्टोरियन काळातली ‘हिकलिन’ कसोटी लावली होती: ज्यांची मनं अशा प्रभावाला बळी पडू शकतात, त्यांना हा मजकूर बिघडवेल का?

गंमत अशी की तोवर इंग्लंडात हीच कादंबरी छापल्याबद्दल पेंग्विन या प्रकाशनसंस्थेवरचा खटला होऊन गेला होता. २ नोव्हेंबर १९६० ला ज्यूरीने पेंग्विनला निर्दोष सोडलं. त्यात सरकारी वकिलाने ज्यूरींना विचारलं होतं की हे पुस्तक तुमच्या बायकोने किंवा नोकरांनी वाचलेलं तुम्हाला चालेल का. कादंबरी नेमकी बायको आणि नोकराचीच आहे, हे त्याच्या लक्षात आलं नसावं.

चित्रपटाचं प्रकरण त्याहून जुनं. १९५५ च्या फ्रेंच चित्रपटाला न्यू यॉर्क राज्याने परवाना नाकारला. कारण दृश्यं नव्हतं, विचार होता: व्यभिचार काही परिस्थितीत योग्य ठरतो असं हा चित्रपट सुचवतो. १९५९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती नकाराज्ञा रद्द केली. विचार पटत नाही म्हणून तो मांडू न देणं घटनेत बसत नाही, असं म्हटलं. आलेली काही पत्रं वाचताना ही जुनी भानगड आठवली. ‘उघडं दाखवलं’ अशी सुरुवात असते, पण दोन ओळींनंतर खरी हरकत निघते ती ‘तिला शिक्षा झाली नाही’ याला.

मराठीशी संबंधित एक निकालही वाचून ठेवा. ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातल्या कथेवरून तिचे लेखक चंद्रकांत काकोडकर यांच्यावर खटला झाला, उच्च न्यायालयाने दोषी धरलं आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सोडलं. पुढे २०१४ मध्ये अवीक सरकार खटल्यात न्यायालयाने हिकलिन कसोटी बाजूला ठेवून समाजाचे आजचे निकष लावले. १ जुलै २०२४ पासून कलम २९२ ची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९४ ने घेतली आहे. साहित्य-कलेसाठीचा अपवाद त्यातही आहे. कादंबरी आज दुकानात उघड मिळते.

ओटीटीला चित्रपटगृहासारखं आधी प्रमाणपत्र घ्यावं लागत नाही, पण २०२१ च्या नियमांनुसार वयोगटाचं लेबल लावणं बंधनकारक आहे. तक्रार करायची तर आधी त्या कंपनीच्याच तक्रार अधिकाऱ्याकडे. २४ तासांत पोच आणि १५ दिवसांत निर्णय द्यावा लागतो. तक्रारीत मिनिट-सेकंद लिहा. ‘संस्कृतीला धक्का’ एवढंच लिहिलं तर उत्तरही तेवढंच मोघम येतं.

सोसायटीच्या हॉलमध्ये प्रोजेक्टरवर पंचवीस जणांना दाखवून चर्चा ठेवायची आहे. तिकीट नाही. (मनीषनगर)

तिकीट नसलं तरी नाही चालत. नेटफ्लिक्सची वर्गणी घरच्यांपुरत्या, खासगी वापरासाठी असते. शिवाय सार्वजनिक प्रदर्शनासाठी हक्कधारकाचा परवाना आणि सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं. महाविद्यालयाच्या कामकाजात फक्त तिथल्या विद्यार्थी-शिक्षकांना दाखवण्याला कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सवलत आहे. सोसायटी म्हणजे महाविद्यालय नव्हे.

त्यापेक्षा चित्रपट ज्याने-त्याने घरी पाहावा आणि हॉलमध्ये फक्त चर्चा करावी. पंचवीस जास्त होतात, बारापर्यंत ठेवा. त्यापुढे चारच माणसं बोलतात. आधी सांगून ठेवा की प्रकरण १०, १३ आणि १५ वाचून यायचं. म्हणजे पिल्लू, खुर्ची आणि पाऊस. तिन्हींना प्रत्येकी अर्धा तास. सुरुवात खुर्चीपासून करा. पावसापासून केली तर अर्धे लोक गप्प बसतात आणि उरलेले अर्धे विनोद करतात.

घरात टीव्ही एक, मुलगी पंधरा वर्षांची. काय करू? (त्रिमूर्तीनगर)

टीव्हीवरच्या ॲपमध्ये शोधत बसू नका. मोबाइल किंवा संगणकाच्या ब्राउझरमधून अकाउंट उघडा. प्रोफाइलमध्ये जाऊन मुलीच्या प्रोफाइलला वयोमर्यादा लावा, पासवर्ड विचारेल. तिथेच एखादं विशिष्ट नाव टाकून तेवढाच चित्रपट रोखता येतो. मग स्वतःच्या प्रोफाइलला चार आकडी पिन. बहुतेक घरांत चूक इथे होते: मुलीचं प्रोफाइल बंदिस्त, आईबाबांचं उघडं. पिन म्हणून मुलीची जन्मतारीख नको, हे सांगावं लागतं. पाहून झाल्यावर ‘व्ह्यूइंग ॲक्टिव्हिटी’तून तो चित्रपट लपवा, नाहीतर पुढचे काही दिवस मुखपृष्ठावर त्याच जातीच्या शिफारशी येत राहतात. लपवलेलं सगळीकडून जायला २४ तासांपर्यंत लागू शकतात.

कादंबरी कपाटात असेल तर तिला मात्र पिन लागत नाही. सतरा-अठराव्या वर्षी तिने ती आपणहून काढली तर काढू द्या.

चित्रपटात शेवटी दोघं भेटतात. पुस्तकात भेटत नाहीत असं मैत्रीण म्हणते. खरं काय? (कामठी)

मैत्रीण बरोबर आहे. २०२२ मध्ये कॉनी स्कॉटलंडात त्याला शोधत जाते आणि भेट होते. रसेलच्या मालिकेत भेट कॅनडाला निघालेल्या बोटीवर. फेरांचा चित्रपट दोघांच्या लांब बोलण्यावर थांबतो, पुढचं आपल्यावर सोडून.

पुस्तकाचा शेवट म्हणजे एक पत्र. कॉनी गरोदर, बहिणीकडे स्कॉटलंडात. मेलर्स एका शेतावर मजुरी करत शेती शिकतो आहे, घटस्फोटाची वाट बघत. क्लिफर्ड तिला सोडायला तयार नाही. पत्रात खाणीच्या मजुरांची हलाखी आहे, पैशाबद्दलची चीड आहे, येणाऱ्या वसंताचा उल्लेख आहे, आणि सध्या दूर राहण्यातच शहाणपण आहे असं तो तिला आणि स्वतःला समजावतो. शेवटच्या वाक्यात थोडा चावटपणा, थोडी मरगळ आणि आशा.